राहीचा जबाब

राहीचा खटला शेट्ये वकिलांना कोर्टानंच नेमून दिला होता. तिच्यासाठी वकील बघायला कोणी आलंच नव्हतं. नवरा मुंबईला गोदीत कामाला, त्यानं तिथं दुसरं बिऱ्हाड मांडलेलं. सासूनं घराबाहेर काढलं, माहेरी भावजयीनं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्याच दिवशी हातखंब्याजवळच्या सासरच्या वाडीतल्या विहिरीतून लोकांनी राहीला वर काढलं. ती जगली, कडेवरची पोर गेली. पोलिसांनी खुनाचं कलम लावलं.

"पाय घसरला ना गो तुझा?" तुरुंगातल्या भेटीत शेट्ये विचारत. राही भिंतीकडे बघत बसे. त्या गप्प बसण्यालाच शेट्यांनी होकार धरलं आणि सगळा बचाव त्यावर उभा केला.

सरकारी वकील मुकादम होते. दोघांचं एकाच कोर्टात भांडण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, दुपारचा डबा मात्र एकत्र. मुकादमांनी सासूला उभं केलं. "जीव देते म्हणून सांगून गेली," म्हातारी म्हणाली. हे पोलिसांना का सांगितलं नाही, असं शेट्यांनी विचारताच ती अडखळली. मग राहीला दोर टाकणारी शेजारीण सोनूबाई आली.

"विहिरीला कठडा आहे?" शेट्यांनी विचारलं.

"नाय सायब. शेवाळ हाय. माजापन पाय सरकलाय तितं."

मुकादमांना तिला पुन्हा प्रश्न विचारता आले असते. ते उठले, कागद चाळले आणि खाली बसले.

"तुझी बाई सुटते बहुतेक," डबा उघडताना ते म्हणाले. खूप दिवसांनी शेट्यांना चांगली भूक लागली होती.

साक्षीपुरावा संपल्यावर रिवाजाप्रमाणे न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, "विहिरीकाठी शेवाळ होतं, असं पुराव्यात आलंय. तुझं काय म्हणणं? पाय घसरला?"

राहीनं पहिल्यांदाच मान वर केली. "नाय सायब. मी उडी मारली."

शेट्ये ताडकन उठले. न्यायाधीशांनी त्यांना हातानंच बसवलं.

"पाय सरकला असता तर पोर हातातून सुटली असती. माज्या हातातून ती सुटली नाय. पदरानं पोटाशी बांधलेली मी तिला. मागं कोनाच्या दारात ठेवनार व्हती?"

मुकादमांनी फाशी मागितली नाही. जन्मठेप झाली.

व्हरांड्यात शेट्यांचा तोल सुटला. "नुसती गप्प बसली असतीस तरी सुटली असतीस!"

"गप्पच व्हते," राही म्हणाली. "पन सगळी बोलाय लागली, माज्या हातनं पोर पडली. तुमीपन."

हवालदारीण तिला घेऊन गेली.

अपिलाच्या कागदावर तिनं अंगठा दिला, तो वकिलांचं मन राखायला. अपील दोन वर्षं पडून राहिलं, मग फेटाळलं गेलं. निकालात तिचंच उत्तर शब्दशः उतरवलेलं होतं. ते सांगायला शेट्ये पुण्याला, येरवड्याला गेले. राही वाळली होती, केस पिकायला लागले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एवड्या लांब आलात," ती म्हणाली. "जेवलात काय?"

शेट्यांनी 'हो' म्हणून मान हलवली. ते जेवले नव्हते.