घड्याळजींच्या कानामागून

मी एक श्रवणयंत्र आहे. ऐकणे हेच माझे काम. मला बोलायची वेळ यावी, हीच मुळात लाजेची गोष्ट. पण ज्या घरात मी राहिलो, तेथे न ऐकल्यामुळे काय ओढवले हे कोणीतरी मोकळ्या आवाजात सांगायला हवे. ते दोघे तर आता कुजबुजतच बोलतात.

मला घडवणाऱ्यांनी पानाची सळसळही निसटणार नाही इतके तीक्ष्ण केले होते. पुढे मी घड्याळजींच्या उजव्या कानामागे आलो. खाली त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान, वर दोन खोल्यांचे घर. पहिल्या दिवशी दुकानातली सारी टिकटिक मी त्यांच्या कानात ओतली, तेव्हा त्या माणसाचा श्वास क्षणभर अडखळला. तेवढाच माझा अभिमानाचा दिवस.

कारण वर बाई होत्या. घड्याळजींची ही पत्नी शाळेत शिकवी, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आपला आवाज ती शाळेत ठेवून येत नसे. गळक्या नळापासून नणंदेच्या तिरकस बोलण्यापर्यंत कोणताही विषय निघाला, की घड्याळजी केस सारखे केल्याचे मिष करत आणि अंगठ्याने माझे बटण दाबत. मग लंबकाच्या शिस्तीने ते ‘हं’ म्हणत असावेत. कारण मी पुन्हा सुरू होई, तेव्हा एखादा ‘हं’ अजून ओठांवर रेंगाळत असे. आणि मी? ऐकण्यासाठी जन्मलेला मी, न ऐकण्याची सोय होऊन बसलो.

मग ती साथ आली. मेलेली माणसे उठून चालू लागली. लोक त्यांना झॉम्बी म्हणत. बाई ‘ती मंडळी’ म्हणत, जणू न कळवता आलेले पाहुणे. त्या मंडळींना दिसत बेताचेच असे, पण आवाजाचा माग ती अचूक काढत. दुकानातली घड्याळे थांबवण्यात आली. बाईंना कुजबुजायला शिकावे लागले, आणि उपाशी राहणे त्यांना त्याहून सोपे गेले. ही कुजबूज घड्याळजींना माझ्यावाचून ऐकू येणे शक्य नव्हते. मला वाटले, आता तरी माझी कदर होईल.

एका दुपारी गच्चीवर पाणी आणायला जाता जाता बाईंनी नळाचा विषय काढला. अंगठा सवयीने आला. मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा खाली दुकानात पावले फरफटत होती. मला मागाहून कळले, की नळाचे बोलून झाल्यावर बाईंनी मागचे दार लावायला सांगितले होते, आणि ह्यांनी ‘हं’ म्हटले होते.

जिन्याच्या तोंडाशी कपाट आडवे टाकून दोघे धापा टाकत बसले. फटीतून पाहून बाईंनी सांगितले, की मंडळींमध्ये दुरुस्तीचे घड्याळ न्यायला कधीच न फिरकलेले ते गिऱ्हाईकही आहे. आज बरी आठवण झाली त्याला, असेही त्या म्हणाल्या. तेवढ्यात माझा सेल संपत आला. घड्याळजींनी खणातून सेलांची डबी काढली, आणि ती खुळखुळली.

बाई थांबल्या. ती डबी कधी आणली होती, हे त्यांना ठाऊक होते. ऐकणाऱ्या माणसाच्या घरी ती केव्हाच रिकामी व्हायला हवी होती.

“भरलेली कशी हो ही?”

घड्याळजींनी डबी मुठीत झाकली.

“म्हणजे तुम्ही यंत्र बंद करत होता.” मग अगदी हळू त्या म्हणाल्या, “यंत्र नव्हे. मला.”

घड्याळजींचा कान तापला. मी त्याला चिकटून होतो; तो चटका मलाही बसला, आणि माझ्या वाट्याचा होताच.

कपाट फार काळ टिकणार नव्हते. बाईंच्या शाळेला उंच भिंत आणि लोखंडी फाटक होते; शेजारच्या गच्चीवरून उतरून बोळातून तेथवर पोहोचायचे ठरले. जन्मभर बारीक चक्रांत गुंतलेल्या घड्याळजींच्या डोळ्यांना लांबचे धूसर दिसे. तरी ते म्हणाले, “पुढे मी चालतो. तू मागून सांग.”

“आणि ऐकाल?”

“ऐकेन.”

बोळात बाई मागून कुजबुजत सांगत राहिल्या: थांबा, डावीकडे, पाय उचलून. आणि मधल्या जागांत नळ आला, नणंद आली, कितीतरी वर्षांचे राहून गेलेले सारे आले. अंगठा एकदाही हलला नाही. फाटक आतून लावल्यावर बाईंनी वर्गात विचारावे तसे विचारले, की मी काय म्हणाले ते सांगा. घड्याळजींनी नळाच्या वायसरापर्यंत सगळे घडाघडा सांगितले.

तेव्हापासून आम्ही शाळेच्या वरच्या वर्गात आहोत. दुर्लक्षातून उरलेल्या सेलांनीच ह्या दोघांना तगवले, आणि ह्याची मला कृतज्ञता कमी, शरम अधिक वाटते. आता शेवटचा सेल माझ्यात आहे. धोक्याच्या वेळेसाठी तो राखायचा, म्हणून आज मला बंद करायचे ठरले. घड्याळजींचा अंगठा माझ्यापर्यंत आला आणि माघारी गेला.

“मला नाही जमत,” ते म्हणाले.

“बरं, मी करते. पण मग उगाच हं म्हणत बसू नका.”

माझा कोणी भाऊबंद तुमच्या कानामागे असेल, तर एवढेच मागतो: समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्या. त्याच्या शेवटी एखादे दार असते.

बाईंचे बोट बटणावर आले. मिटण्यापूर्वी मी घड्याळजींचा आवाज ऐकला.

“बोल तू. मी तुझ्याकडे बघतो आहे.”

त्यापुढचे मला ऐकू आले नाही. आणि ह्या खेपेस, प्रथमच, त्याची मला लाज वाटली नाही.