दोन बायांचा कोयता

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. हा नियम कुणी केला देव जाणे. केला त्याच्या ओळखीत विधवा नसावी. विहिरीचा काठ ढासळून माझा नवरा आणि दीर एकाच दिवशी गेले, आणि मी, लंकी, नि माझी जाऊ बायडाबाई नियमाबाहेर पडलो. घरी सासू आणि तीन पोरं. एकाहत्तर साली पाथर्डीकडं काही पिकलं नव्हतं. तोडीला गेलो नाही तर खाणार काय?

टोळीचा मुकादम कारभारी म्हणाला, "वैनी, राग मानू नगा. पर दोन बायांचा कोयता कुटं आस्तो व्हय?"

आम्ही कसल्या ऐकतो! टोळीच्या गाड्यांमागं चालत थेट देवळाली प्रवरा गाठलं. कारखान्याचे शेतकी अधिकारी पटारे साहेब उसाच्या फडावर आले, तशा त्यांच्या मोटारसायकलीपुढं उभ्या राहिलो.

"सायेब, दया नगं, काम द्या. दोन दिस बगा. न्हाई जमलं तर मागारी जातो."

साहेब कारभाऱ्याकडं वळले. "मोळी कुणी बांधली, ते वजनकाट्याला कळतं का हो?"

"न्हाई सायेब. पर गाडी कोन भरनार?"

"त्याच भरतील. भरू तर द्या."

दोन दिवस आम्ही जीव तोडून राबलो. पाचटानं हात सोलवटले, पण गाडी कुणापेक्षा उणी भरली नाही. तिसऱ्या सकाळी साहेबांनी आमची नावं यादीत घातली. जो दर जोडप्यांना, तोच आम्हाला. वर साऱ्या मुकादमांना ताकीद दिली, की दोन बायांनी मिळून कोयता मागितला तर अडवायचं नाही.

बायडाबाई रडली. मला आधी रागच आला. इतकं सोपं होतं, तर आजवर कुणाला सुचलं का नाही? राग ओसरल्यावर साहेबांच्या पाया पडायला गेले, तर ते मागं सरले. म्हणाले, "अहो बाई, ऊस तुम्ही तोडलात." त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या दसऱ्याला कारभारी स्वतः आमच्या दारात आला. हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायची होती. ती नेहमी गड्याच्या हातात पडायची, म्हणून तो उंबऱ्याशी घुटमळला.

"उचल कुनापाशी द्यू?"

सासू चुलीपुढून म्हणाली, "लंकीच्या हातात दे. घर ती चालवती."