जांगड

बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता सारिकाने ‘सावरी’च्या दांडीवरून आपला पहिला कुर्ता उतरवला. हँगर पुन्हा दांडीला अडकवला, उभ्याउभ्याच कुर्त्याची घडी घातली आणि फरशीवर पसरलेल्या चादरीवर ठेवली. मग दुसरा कुर्ता. गल्ल्यामागे अपेक्षा, या दुकानाची मालकीण, बसली होती. एरवी उघडंच असणारं काचेचं दार तिने उठून लोटून घेतलं आणि परत जागेवर येऊन बसली.

बोलायचं ते बोलून झालं होतं. उन्हाळ्यापासून विकल्या गेलेल्या कुर्त्यांचे पैसे सारिकाने मागितले होते आणि अपेक्षाने ते नाहीत म्हणून सांगितलं होतं. भुशी धरणाकडचा रस्ता शनिवार-रविवारी दुपारनंतर बंद व्हायला लागल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं. चिंब भिजून परतताना कोरडे कपडे घ्यायला लोणावळ्याच्या बाजारात शिरणाऱ्या माणसांवरच हे दुकान चालत आलं होतं. जागेच्या मालकाने भाड्यासाठी कुलपाची भाषा सुरू केली होती. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आहेत, तेवढ्या जाऊ देत, असं अपेक्षाचं म्हणणं. मे महिन्यातही तिने हेच म्हटलं होतं. फक्त सुट्ट्या वेगळ्या होत्या.

मग माझा उरलेला जांगड मी नेते, एवढंच सारिका त्यावर म्हणाली होती.

माल दुकानात ठेवायचा, विकला गेला तर पैसे घ्यायचे, नाही गेला तर परत न्यायचा, याला जांगड म्हणतात. विकला जाईपर्यंत तो देणाऱ्याचाच. त्याने तो कधीही उचलावा, दुकानदाराने अडवू नये, ही रीत. पण ऐन हंगामात कुणी जांगड उचलला तर त्या दुकानाचं काही खरं नाही, हेही बाजारात सगळ्यांना कळत होतं. एकाचं गाठोडं बाहेर पडलेलं दिसलं की दुसऱ्या दिवशी बाकीचे दारात. शनिवारी पुण्याची एक मुलगी आपला कानातल्यांचा स्टँड घेऊन गेली होती, तोही दुकान बंद व्हायच्या वेळेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. कोपऱ्यात फरशीवर स्टँडच्या पायांचे गंजके डाग राहिले होते. आल्या आल्या ते दिसले, तोपर्यंत सारिकाचं नक्की ठरलं नव्हतं. चादर तिने पिशवीत नुसती टाकून आणली होती.

कामशेतमध्ये पत्र्याच्या शेडखाली तिच्याकडे चार बाया शिवायला बसत. गेल्या शनिवारी तिने त्यांना निम्मीच मजुरी दिली होती. कुणी तक्रार केली नाही. फक्त त्यातली सविता उठताना आपली कात्री पिशवीत घालून घरी घेऊन गेली. एरवी ती कात्री मशीनवरच असायची. पुण्याचा कापडवाला मागचं मिटवल्याशिवाय नवा तागा सोडायला तयार नव्हता. हा शनिवारही तसाच गेला तर शेडमध्ये शिवायला कापड उरणार नव्हतं आणि शिवणाऱ्या बायाही.

प्रत्येक घडीबरोबर गळ्यातलं लेबल वर येत होतं. ‘सावरी’. ही सारिकाचीच हौस. दुकानाचं नाव असलं की कुर्ता चार पैसे जास्तीला जातो, म्हणून लेबलं तिने स्वतः बसवली होती, बारीक टाक्यात, अगदी पक्की. आता हा माल दुसऱ्या दुकानात द्यायचा तर एकेक गळा उसवावा लागणार होता. आणि जागेच्या मालकाने आजच कुलूप ठोकलं असतं, तर आतलं सगळं सावरीचंच ठरलं असतं. हे माझं आहे म्हणून तिने कुणाला काय दाखवलं असतं?

“मागच्या दाराने ने,” अपेक्षा म्हणाली. “तेवढं कर माझ्यासाठी.”

“मागं चिखल आहे.”

“एका बाजूनं मी धरते.”

सारिकाने मान हलवली. चादरीची दोन टोकं तिने जुळवून धरली, तेवढ्यात काचेचं दार उघडलं.

खतीजाभाभी पाठीने दार ढकलत आत आल्या, कारण त्यांच्या दोन्ही हातांत गाठोडं होतं. त्या कामशेतच्याच, सारिकाच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या. त्या आणि त्यांची सून महेक ओढण्यांवर हाताने भरतकाम करीत आणि ‘सावरी’त जांगड ठेवीत. सारिकाला या धंद्यात त्यांनीच आणलं होतं. माल कुठे ठेवायचा हे शिकवताना त्यांनी तिला सांगितलं होतं, दुकान बघू नको, दुकानदाराचं तोंड तर बघूच नको, दुसऱ्यांचा माल बघ. तो जागेवर असंल तर तूबी जागेवर ऱ्हा.

त्यांनी दुकानावरून एक नजर फिरवली. कोपऱ्यापाशी ती थांबली.

“हितला कानातल्यांचा स्टँड कुटं गेला गं?” हा प्रश्न अपेक्षाला नव्हता.

“नवीन येतोय, भाभी,” अपेक्षा म्हणाली.

खतीजाभाभींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्या चादरीकडे बघत होत्या.

“आन् हे?”

सारिकाच्या हातातली टोकं तशीच राहिली. खरं सांगितलं तर भाभी हे गाठोडं तसंच परत नेणार होत्या, आणि आतल्या जुन्या ओढण्याही. संध्याकाळपर्यंत कामशेतला कळणार, उद्या सकाळी चपलावाला जानूभाऊ, पिशव्यावाल्या बाया, सगळे इथे. चादरीवरचे कुर्ते तिला मिळाले होते. पण त्यांच्या दुप्पट कुर्ते विकून झाले होते आणि त्यांचे पैसे या दुकानातूनच यायचे होते. दुकान उद्या संपलं तर तेही संपले.

“लेबलं बदलायचीत,” ती म्हणाली. “नवी आलीत. घरी नेऊन लावती.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची.”

“गाढवमेहनत हाय मग.” खतीजाभाभी हसल्या. “मला वाटलं, बाई उचलून चालली का काय. बाजारात लय कायबाय बोलत्यात.” त्यांनी गाठोडं काउंटरवर टेकवलं, पण त्यावरचा हात काढला नाही. आवाज खाली आणला. “खरं सांग. तुझं पैसं देती का न्हाई ही? महेकच्या सगळ्या ओढन्या हायेत ह्यात. डोळं फोडून घेतलेत पोरीनं.”

अपेक्षा हातभर अंतरावर उभी होती. तिने कॅल्क्युलेटर उचलला आणि उगाच पुसायला घेतला.

“मिळालेत माझे,” सारिका म्हणाली.

खतीजाभाभींचा हात गाठोड्यावरून निघाला. त्यांनी पदराने तोंडावरचे थेंब टिपले आणि चहा पाजणार का तसंच हाकलणार, असं अपेक्षाला विचारलं. अपेक्षाने समोरच्या टपरीवर चहा सांगितला. मग खालचा खण उघडून तिने लेबलांचं रीळ काढलं, तेच नेहमीचं, आणि सारिकाच्या घड्यांवर नीट मधोमध ठेवलं. सारिकाने चादरीला गाठ मारली.

चहा झाल्यावर गाठोड्याची एक बाजू खतीजाभाभींनी धरली. दोघी पुढच्याच दाराने बाहेर पडल्या. शेजारचा चिक्कीवाला, आज काय माहेरी चाललात का, म्हणाला, तेव्हा खतीजाभाभींनीच त्याला सांगितलं की लेबलं लावायला चाललंय, तुझ्या चिक्कीला लावायची असली तर दे. गाठोडं स्कूटरवर बांधताना त्यांनी दोरीची गाठ दोनदा ओढून बघितली आणि वलवणच्या चढाला हळू जा, रस्ता निसरडा हाय, असं बजावलं.

दुपारभर सारिकाने गाठोडं सोडलं नाही. ते शेडच्या कोपऱ्यात मेणकापडाखाली पडून होतं. हातात होतं तेवढं कापड पुरवून पुरवून बाया शिवत होत्या.

साडेपाचच्या सुमारास तिच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. रक्कम पूर्ण नव्हती, पण बायांची थकलेली मजुरी भागेल आणि कापडवाला एक तागा सोडेल, एवढी होती. तिने ती परत एकदा वाचली. मग सविताला म्हणाली की शनिवारी मागचे राहिलेले पण देते. सविताने मान वर केली, बरं म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केली.

पाठोपाठ अपेक्षाचा मेसेज आला. मुंबईच्या लग्नवाल्यांनी भाभींच्या ओढण्या सगळ्याच्या सगळ्या रोखीने घेतल्या. त्यातून तुझे आधी टाकले. कुणाला बोलू नकोस.

मेसेज अजून उघडाच होता, तोच खतीजाभाभींचा फोन आला. आवाज मोकळा होता, मागे कुकरची शिट्टी वाजत होती. जानूभाऊ त्यांना स्टेशनपाशी भेटला होता. त्यालाही कुणीतरी काहीबाही सांगितलं होतं, आणि उद्या चपला उचलून आणायला तो बेडशाहून टेम्पो काढणार होता.

“मी म्हनलं, येडा का काय तू. सारिकाला मिळालं पैसं. तिनं सोताच्या तोंडानं सांगितलंय. तवा कुटं गप बसला. आता म्हनतो, टेम्पो सांगितलाच हाय तर घरातला माल बी दुकानात टाकून येतो.” त्या जरा थांबल्या. “मिळालं ना गं तुझं?”

सारिकाने मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. मशीनवर सविता दोरा तोडत होती.

“मिळालेत,” ती म्हणाली.

आता ते खरं होतं.

बास मग, खतीजाभाभी म्हणाल्या, आणखी दोघी-तिघी घाबरल्यात, त्यांनाबी सांगते, आणि त्यांनी फोन ठेवला.

सारिका शेडच्या बाहेर आली. पन्हाळीचं पाणी दारात पडत होतं, ते चुकवून ती भिंतीला लागून उभी राहिली. अपेक्षाचा मेसेज तिने पुन्हा उघडला, बंद केला. मग खतीजाभाभींना फोन लावला. त्या दुसऱ्या कॉलवर होत्या. थोडं थांबून तिने परत लावला.

तेव्हाही त्या कुणाशी तरी बोलतच होत्या.