पथकाचे पहिले आठ

पहिल्या पाच वर्षांच्या वह्या गेल्या हे मला कळलं तो शनिवार होता. शाळेतल्या कपाटाचं दार लोंबायला लागलं होतं म्हणून मला बोलावलं होतं. ते कपाट मीच केलेलं. गावच्या स्काउट पथकासाठी, चाळीस वर्षांपूर्वी, बायकोने मागे लागून करून घेतलेलं. दार काढून भिंतीला टेकवलं आणि आत पाहिलं तर वरच्या खणात करंडक होते. तिथे लाल कापडाच्या पाठीच्या पाच वह्या असायच्या.

"वह्या कुठे ठेवल्या?" मी क्लार्कला विचारलं.

"कुठल्या वह्या, काका?"

"पथकाच्या. माझ्या बायकोने लिहिलेल्या."

"त्या होय. त्यांना वाळवी लागली होती. सुटीत साफसफाई झाली तेव्हा रद्दीत गेल्या."

मी पटाशीने कपाटाची मागची फळी टोकरून पाहिली. तळ पाहिला, कोपरे पाहिले. सागवान, दोनदा तेल पाजलेलं. एक भोक नाही, मातीची एक रेघ नाही.

"कपाटाला तोंड न लावता नुसत्या वह्या खाऊन गेली," मी म्हणालो. "शिकलेली वाळवी दिसते."

क्लार्क हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला. "मला काय माहीत, काका. पथकाच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणाले करंडकांना जागा करा, आम्ही जागा केली."

बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. ती गेली तेव्हा मला राग आला नव्हता. रागवायला समोर कुणी नव्हतं. आता होतं.

क्लार्कच्या टेबलावर पुस्तिकेची छापायला जायची पानं पडली होती. पथकाला चाळीस वर्षं होणार म्हणून पुस्तिका निघत होती. पहिल्याच पानावर होतं की पथकाची स्थापना तेव्हाचे मुख्याध्यापक, आमचे गुरुजी, यांनी केली. खाली एक ओळ होती. "त्यांना या कार्यात गावातील शिवणकाम करणाऱ्या एका भगिनींचे सहकार्य लाभले."

मी ती ओळ दोनदा वाचली. मग दार न बसवताच घरी आलो. अर्धवट काम सोडून यायची माझी पद्धत नाही, पण त्या दिवशी आलो.

खरं काय झालं ते सांगतो. बायको लहानपणी वर्षभर शहरात तिच्या मावशीकडे होती आणि तिथल्या शाळेत गाइड होती. त्या वर्षाचं तिच्याकडे कव्हर नसलेलं एक पुस्तक होतं आणि एक शिट्टी. आमच्या गावात शाळा सुटली की पोरांना एकच उद्योग, दूध संकलन केंद्राच्या दिव्यावर दगड मारणं. तिसरा दिवा फुटला तेव्हा केंद्रवाला आमच्या दारात येऊन तणतणला, कारण पोरं आमच्या कुंपणावर बसून नेम धरायची. तो गेल्यावर ही बाहेर गेली आणि पोरांना म्हणाली, "नेम चांगला आहे. शनिवारी चारला या, त्याचं काहीतरी करू."

आठ जण आले. पाच मुलगे, तीन मुली. तिने जुन्या चादरी फाडून त्यांचे स्कार्फ केले आणि एका रंगात बुडवले. आमची बादली तेव्हापासून निळीच आहे.

मग स्काउटच्या वरच्या ऑफिसातून एक साहेब आला. मुलांचं पथक वेगळं करा, मुलींचं वेगळं करा, म्हणाला. ही म्हणाली, "दोन पथकं करायला आमच्याकडे दोरी पुरत नाही." साहेबाने तो मुद्दा तिथेच सोडला. पण नोंदणीच्या कागदावर प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाची सही लागेल, हे त्याने सांगितलं. हिची शाळा सातवीपर्यंतची. गुरुजींकडे प्रमाणपत्र होतं, त्यांनी सही केली. भला माणूस होता, मी त्यांना नावं ठेवणार नाही. वर्षातून एकदा झेंड्यासमोर उभे राहायचे, भाषण करायचे आणि घरी जायचे. पथक माझं आहे असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायला त्यांचा मुलगा मोठा व्हावा लागला. तोच आता अध्यक्ष आहे. आयत्या बिळावर नागोबा.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. बायको डावखुरी होती. तिची कात्री मी शहरातून शोधून आणली होती, डाव्या हाताची. गाठी शिकवताना ती पोरासमोर बसायची नाही. मागे उभी राहायची, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरायची आणि दोरी फिरवायची. त्यामुळे सगळी पोरं, उजव्या हाताची असली तरी, गाठ तिच्यासारखी डावीकडूनच मारायची. पुस्तकातलं चित्र आरशात पाहावं तशी.

पहिल्या शिबिरात परीक्षकाने आठही जणांना गाठीत नापास केलं. "उलटी आहे," म्हणाला.

"उलटी आहे, सुटत नाही," ही म्हणाली. "लटकून बघा."

परीक्षक अंगाने भरभक्कम होता. त्याने फांदीला बांधलेल्या फासात पाय घातला आणि लटकला. गाठ तसूभर सरकली नाही. उतरताना मात्र त्याला दोन पोरांनी धरावं लागलं. त्याने सगळ्यांना पास केलं आणि शेरा लिहिला, 'गाठी पक्क्या, पद्धत चुकीची.' हा शेरा ती मला आयुष्यभर ऐकवायची. भांडणात सुद्धा.

सोमवारी संध्याकाळी पाचला शाळेत कमिटीची बैठक होती. मला बोलावणं नव्हतं. मी दार बसवायला आलोय म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन गेलो, दार बसवलं आणि मग खुर्ची ओढून बसलो. अध्यक्ष होते, क्लार्क होता आणि खुर्च्या भरायला आणलेले दोन सभासद.

"काका, तुमच्या भावना समजतात," अध्यक्ष म्हणाले.

"भावना राहू दे. तिचं नाव का नाही?"

"त्यांचा उल्लेख आहे की."

"एका भगिनींचा आहे. तिला नाव होतं. तू तिला मावशी म्हणायचास. तुझ्या शर्टाची बटणं तिने लावली आहेत."

"मी लहान होतो, काका. मला आठवतं ते बाबा झेंड्यासमोर उभे आहेत, एवढंच. आणि छापायचं म्हणजे आधार लागतो. नोंदणीच्या कागदावर बाबांची सही आहे. तुमच्याकडे काही कागद आहे का?"

"पाच वह्या होत्या. तू रद्दीत घातल्यास."

"वाळवी लागली होती."

"माझ्या कपाटाची बदनामी करू नकोस," मी म्हणालो. एक सभासद खोकला.

हा अध्यक्ष पथकाच्या दुसऱ्या वर्षीचा. कुठल्याही हाकेला 'आलोच' म्हणायचा आणि यायचा नाही, म्हणून बायकोने त्याचं नावच 'आलोच' ठेवलं होतं. मी पिशवीतून सामान बांधायची दोरी काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"आलोच, बोलाइन मार बघू."

"काका, मी आता अध्यक्ष आहे."

"दिसतंय ना. खुर्चीच्या पायाला मार."

बोलाइन म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ. ती स्काउटला आलीच पाहिजे. सभासद बघत होते, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. छापखानेवाला कसा घाई करतोय हे सांगत सांगत त्याने वाकून गाठ मारली. खाली बघितलं सुद्धा नाही. हातांना एकदा लागलेलं वळण जात नाही.

मी बायकोचं ते बिनकव्हरचं पुस्तक काढलं, बोलाइनचं चित्र उघडलं आणि खुर्चीच्या पायापाशी धरलं. दोन्ही सभासद उठून बघायला आले.

"उलटी आहे," एक म्हणाला.

"कुठल्या हाताने लिहितोस रे तू?" मी अध्यक्षाला विचारलं.

"उजव्या."

"आणि गुरुजी?"

"तेही उजव्याच," तो म्हणाला. त्याने गाठ सोडली, पुस्तकात बघितलं आणि पुन्हा मारली. पुन्हा तशीच आली. तिसऱ्यांदा चित्रावर बोट ठेवून मारायला गेला आणि दोरी हातात गोळा झाली.

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," दुसरा सभासद म्हणाला. क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला.

अध्यक्षाने दोरी माझ्याकडे दिली. "गाठीवरून इतिहास लिहीत नाहीत, काका," तो म्हणाला. आवाज मात्र उतरला होता. "असं करू. पहिलं पान तुम्हाला देतो. तुम्ही लिहा. जे द्याल ते अक्षर न बदलता छापतो. सोळा तारखेला दुपारपर्यंत द्या. नाही आलं तर आहे तेच जाईल. छापखाना थांबणार नाही."

मी घरी आलो तो जिंकल्यासारखा. टेबल पुसलं, कागद घेतला. तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, शिट्टी, चादरी, बादली, साहेब, परीक्षक, सगळं लिहिलं. सुताराचा हात, अक्षर काही बरं नाही, पण अर्धं पान भरलं. मग लिहिलं, 'पथकाचे पहिले आठ पुढीलप्रमाणे.'

'पहिले आठ' हा तिचा शब्द. कुणीही आलं की ती आठही नावं एका दमात घ्यायची. मी चाळीस वर्षं ती ऐकली. लिहायला बसलो तर सहा आठवली.

शनिवारी चार वाजता पोरांचा गलका सुरू झाला की मी माझ्या सुतारकीच्या कारखान्याचं दार लावून घ्यायचो. 'घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं,' असं तिला म्हणायचो. वह्यांसाठी कपाट केलं, पण वही एकदाही उघडली नाही. आणि त्या वह्या शाळेत गेल्या कशा? घरात कागदांचा पसारा नको, असं मीच म्हणालो होतो. ती पाच वह्या पोटाशी धरून घेऊन गेली. रद्दीत त्यांनी घातल्या. पण शाळेच्या दारापर्यंत मीच पोचवल्या, आणि हे मला आता कुणावर ढकलता येत नाही.

सातवं नाव पहिल्या आठांतल्या एका मुलीने दिलं. ती आता शहरात मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तेव्हा एवढीशी होती, तिला सगळे मुंगी म्हणायचे. फोनवर मी तिला विचारलं, झेंड्यासमोर रांगेत कोण कुठे उभं राहायचं.

"मी मागच्या रांगेत शेवटची, काका," ती म्हणाली आणि सातवं नाव सांगितलं. "आणि माझ्या शेजारी तो आखूड होता."

"कोण आखूड?"

"त्याच्यापाशी येईपर्यंत चादर संपली, म्हणून त्याचा स्कार्फ आखूड. आम्ही त्याला आखूडच म्हणायचो. मावशी रागवायची, ती त्याला नावाने हाक मारायची. त्याचे आईवडील वीटभट्टीवर होते. पहिलं शिबिर झालं आणि भट्टी बंद झाल्यावर ते गेले कुठेतरी. गाठ सगळ्यात चांगली त्याची यायची."

"त्याचं नाव काय?"

"नाही आठवत, काका. वहीत असेल."

मी फोन ठेवला.

भट्टीचा जुना मुकादम अजून आहे. त्याच्या अंगणात जाऊन बसलो. तो म्हणाला, "अहो, आम्ही जोडपी मोजायचो. पोरांची नावं कोण लिहितो?" हे तो अगदी सहज म्हणाला, पाणी विचारावं तसं. मला त्याचा राग आला. मग वाटलं, तो मुलगा दर शनिवारी माझ्याच अंगणात यायचा, मी तरी कुठे विचारलं होतं?

काल अध्यक्षाचा फोन आला. "काका, पान झालं का?"

"एक नाव राहिलंय."

"सात आहेत ना? मग 'आणि आणखी एक मुलगा' असं लिहून टाका. कोण वाचतंय एवढं?"

"तू 'एका भगिनींचे' लिहिलंस तेव्हा हाच विचार केला असशील," मी म्हणालो.

तो म्हणाला, "सोळा तारीख लक्षात ठेवा, काका," आणि या खेपेला त्याने ते नीट सांगितलं, अध्यक्षासारखं नाही. मला तरी तसं वाटलं.

'आणखी एक मुलगा' मी लिहिणार नाही. तिच्या पानावर तर नाहीच. नर्सने ओळखीत विचारून दोन पत्ते दिले आहेत, दुसऱ्या गावांतल्या भट्ट्यांचे. एका ठिकाणी जाऊन आलो. तिथे कुणाला काही माहीत नाही. दुसरीकडे उद्या सकाळी जातोय.

आज चौदा तारीख. पान टेबलावर आहे. सात नावं लिहून झाली आहेत. आठवं लिहायचं राहिलं आहे.