परीमहालाचा बिनकठड्याचा जिना

मी एक जुना लाकडी जिना आहे. मित्रांनो, माझ्या जातीचे जिने घराकडे नेतात. मी मात्र पुठ्ठ्याच्या चंद्राकडे नेत असे.

दोन हजार चार साली मीरा रोडच्या एका गणेशोत्सव मंडळाने परीलोकाचा देखावा उभारला, तेव्हा माझा जन्म झाला. त्या लोकाचे स्थापत्य अभ्यसनीय होते. खंदकावरचा पूल कापसाच्या ढगावर टेकला होता. अजगराच्या मुखातून खऱ्या ज्वाळा निघत आणि शेजारी जॉर्जेटचे पडदे डोलत. बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग राक्षसाच्या जबड्यातून होता. मोटर बिघडली की जबडा मिटे.

त्यातल्या त्यात मी शहाणा. मला कठडा होता.

परी झाली होती क्षितिजा. पुण्याच्या नृत्यशाळेत तिची निवड झाली होती. दिवाळीनंतर ती जाणार होती. तालमीत ती डाव्या हाताने कठडा धरून, गिरक्या घेत उतरे. तिची पावले इतकी हलकी, की तो चंद्र मलाही खरा वाटू लागला.

देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येण्याच्या संध्याकाळी सजावटकार धर्मेशभाईंनी मला लांबून न्याहाळले.

"यतीनभाऊ, हा कठडा काढा. फोटोमध्ये एकदम बिल्डिंगचा जिना वाटतोय."

"आणि पोरगी पडली म्हणजे?" मंडळाचे अध्यक्ष यतीन म्हणाले.

"अरे, परी आहे ती! परी कधी कठडा पकडून चालते काय?"

यतीन हसले. कठडा निघाला. क्षितिजाला सांगावे, हे कोणालाच सुचले नाही. सगळे तिच्या पंखांना चमकी लावण्यात गढले होते.

दिवे लागले. मधल्या पायरीवर तिने गिरकी घेतली आणि डावा हात सवयीने बाजूला नेला. तिथे सौंदर्य होते, लाकूड नव्हते.

तिचा गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. पुण्यातली जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. देखाव्याला पहिले बक्षीस मिळाले, जिवंतपणाबद्दल.

पुढच्या वर्षी खारीगावच्या गोदामातून काढून, निळा रंग फासून मला हिममहालात उभे केले. कठड्याच्या जागी झेंडूची माळ होती. नवी परी चढू लागली, तोच प्रेक्षकांतून क्षितिजा ओरडली, "ए, माळ धरू नकोस हं! मधून चढ!"

"शूऽ, कार्यक्रम चाललाय," क्षितिजाची आई पुटपुटली आणि तिने तोंड फिरवले.

मित्रांनो, तुम्ही कधी महाल उभारलात, तर फोटो मागाहून काढा. आधी स्वतः जिना चढा, डोळे मिटून हात बाजूला करा, आणि हाताला काही लागते का ते पाहा.