घड्याळजीला कळेपर्यंत

बाईंच्या सदराला यंदा एकवीस वर्षं झाली. दर आठवड्याला वर्तमानपत्रात विद्यार्थ्यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या पाच शंका आणि त्यांची उत्तरं. उत्तर लिहून झालं की बाई ते स्टुलावर बसलेल्या नवऱ्याला वाचून दाखवायच्या. नवरा घड्याळजी, इंग्रजी बेताचंच. त्यांना कळलं तर पोरांना कळेल, हा घरचा नियम. बाई त्यांना ‘आमचे ढ’ म्हणत.

पहिल्या खेपेला ढ हमखास मान हलवायचे. “नाही कळलं बुवा. हे मराठी तरी आहे का?” बाई चिडायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला, “हां, आत्ता डोक्यात शिरलं!”

ढ गेले त्याला तीन आठवडे झाले होते. दोन आठवडे सदर आलं नव्हतं. सकाळी उपसंपादकाचा फोन आला.

“बाई, चारपर्यंत मजकूर नाही आला तर सदर दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. वरून सांगितलंय.”

“बरं,” बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर आपण कशाला ‘बरं’ म्हणालो ते त्यांना आठवेना.

तरी सवयीने कागद पुढे ओढला. कुणा मुलीने विचारलं होतं, ‘अवर’च्या आधी ‘ॲन’ का लावायचं, एच तर व्यंजन आहे ना? बाईंनी पाचही उत्तरं लिहिली आणि सवयीनेच स्टुलाकडे वळल्या. स्टूल रिकामं होतं.

सून हात पुसत आली आणि स्टुलावर बसली. “वाचा, आई.”

“ज्या शब्दाच्या आरंभी स्वरोच्चार होतो, त्यापूर्वी…”

“कळलं.”

“इतक्यात?”

सून गडबडली. मग म्हणाली, “बाबांनाही पहिल्यांदाच कळायचं, आई. मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणायचे, दोनदा नाही म्हटलं की तुझी सासू माणसासारखं लिहिते. आणि तेवढाच जास्त वेळ माझ्याजवळ बसते.”

“एकवीस वर्षं?”

“तुम्हाला सांगू नको म्हणाले होते.”

बाईंना वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. त्यांनी उत्तरावर काट मारली, पुन्हा लिहिलं, वाचलं.

सुनेने मान हलवली. “नाही कळलं बुवा.”

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं. “अक्षराकडे बघू नकोस, कान दे. ‘अवर’ म्हण. एच ऐकू आला? नाही ना? मग ‘ॲन’.”

“हां. आता शिरलं.”

उरलेली चारही उत्तरं तशीच तीन-तीनदा झाली. चाराला पाच कमी असताना सुनेने पानांचे फोटो काढून पाठवले. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“स्टूल आत ठेवू का?” सुनेने विचारलं.

“असू दे तिथंच. पुढच्या आठवड्याला लागेल.”