‘बरोबर’ म्हणेपर्यंत

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी चिऊचा श्वास मोजला. ती शांत झोपली होती, गाल गार होते, नाक मोकळं होतं. तरी मोजला.

"अगं, ती तुझी पेशंट नाहीये," नवरा दाढी करता करता आरशातून म्हणाला. "तू आवर. आज तुझीच नाडी बघायला हवी कुणीतरी."

खरं होतं त्याचं.

बाळंतपणाच्या रजेआधी मी ज्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, तिथे ओपीडीसाठी नर्स प्रॅक्टिशनरची जागा पहिल्यांदाच निघाली होती. त्यासाठी लागणारा कोर्स मी चिऊ पोटात असतानाच पुरा केला. शेवटचा पेपर लिहिताना ती आतून लाथा मारत होती आणि पर्यवेक्षिका माझ्या उत्तरपत्रिकेपेक्षा माझ्या पोटाकडेच जास्त बघत होती. या कामात रुग्ण स्वतः तपासायचे, साध्या दुखण्यांवर औषध लिहून द्यायचं, काही गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे पाठवायचं. सासूबाईंना मी हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे डॉक्टरच की."

"नाही हो, आई."

"मग नर्स?"

"नर्सच. पण पुढचं शिकलेली."

"शेजारी मी डॉक्टर सांगून बसलेय," त्या म्हणाल्या. "आता तूच काय ते निस्तर."

निस्तरायचं मात्र वेगळंच होतं. पगार जेमतेम पूर्वीइतकाच मिळाला तर तो पाळणाघरातच जाणार होता. आणि रात्रपाळी लावली तर चिऊचं काय? ती माझ्या कुशीशिवाय झोपत नाही. सासूबाईंचे गुडघे असे की तिला घेऊन रात्रभर येरझारा घालणं त्यांना जमणार नाही, आणि नवरा एकदा झोपला की छप्पर उडालं तरी उठत नाही. म्हणून आमचं घरात ठरलं होतं: दिवसाची ड्यूटी आणि बरा पगार, दोन्ही मिळालं तर नोकरी. नाहीतर चिऊ शाळेत जाईपर्यंत मी घरी. तोवर शिकलेलं सगळं गंजून जाईल, हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

माझी मोठी नणंद एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते. तिने फोनवर माझी तयारी करून घेतली होती.

"आकडा आपण आधी बोलायचा नाही. साहेब बोलले की शांत राहायचं. मग ठामपणे म्हणायचं, माझी अपेक्षा जास्त आहे. म्हण बघू."

"माझी अपेक्षा… जरा… म्हणजे तुम्हाला जमत असेल तर…"

"अगं देवा! हे काय, लग्नाच्या पंगतीत आग्रह चाललाय? बरं, मी साहेब. आम्ही तुम्हाला जुनाच पगार देऊ."

"चालेल, वन्सं."

वन्संनी उसासा टाकला. "तुझ्या जिभेवर ते ‘चालेल’ चिकटून बसलंय ना, ते आधी खरवडून काढ."

तर अशी माझी तयारी.

चिऊ बाटली तोंडात धरत नाही, त्यामुळे सगळी वरात हॉस्पिटलात निघाली. सासूबाई आणि नवरा तिला घेऊन कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले आणि मी आत गेले. दार पुरतं बंद होत नव्हतं. बाहेर ती कुरकुरली की मला आत ऐकू येत होतं आणि माझा अर्धा जीव त्या फटीतच अडकला होता.

टेबलापलीकडे दोघं होते. व्यवस्थापक, ज्यांना सगळं हॉस्पिटल पाठीमागे कात्रीसाहेब म्हणतं, कारण रजा असो की कापूस, त्यांच्या हातून अर्धंच सुटतं. आणि त्यांच्या शेजारी मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिका. मी इथे नवीन लागले तेव्हा त्यांनीच मला घडवलं. त्यांच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातल्या चादरी आपोआप ताठ होतात असं आम्ही म्हणायचो.

कामाचे प्रश्न सिस्टरांनी विचारले. खोकणारं मूल आलं तर आधी काय बघशील? मी म्हटलं, शर्ट वर करून छाती बघेन, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का ते, आणि आईला विचारेन की ते खेळतंय का. त्यांनी मान हलवली. तिथे माझी जीभ छान चालली. कात्रीसाहेबांनी विचारलं, "या कामात पुढे काय करायचं मनात आहे?" तेही मला पाठ होतं असं नाही, मनातच होतं. मी म्हटलं, आधी ओपीडीत हात बसू दे, मग नव्या मुलींना शिकवायचंय, आणि कधीतरी लांबच्या वस्तीत आपलं एखादं तपासणी केंद्र निघालं तर ते सांभाळायचंय.

"हं," साहेब म्हणाले. मग त्यांनी समोरचा कागद उचलला आणि त्यातच बघत भराभर सांगायला लागले, "तर महिना पन्नास हजार, सहा महिने उमेदवारी, आणि रात्रपाळी आळीपाळीने."

आता इथे काय झालं ते सांगायला हवं. आमच्या कामात डॉक्टर फोनवरून औषध सांगतात तेव्हा ते नुसतं ऐकून चालत नाही. ते लिहून घ्यायचं, मोठ्याने परत म्हणून दाखवायचं, आकडे सुटे सुटे करून, म्हणजे साठचे सात व्हायला नकोत. आणि पलीकडून ‘बरोबर’ आल्याशिवाय जागचं हलायचं नाही. वर्षानुवर्षं हेच केलं की ते अंगात मुरतं. कुणी कागदात बघून भराभर आकडे सांगायला लागलं की माझा हात पेनाकडे जातो.

तो गेलाच. मी लिहिलं आणि म्हटलं, "पन्नास हजार. पाच, शून्य. उमेदवारी सहा महिने. रात्रपाळी आळीपाळीने."

आणि ‘बरोबर’ची वाट बघत साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले.

साहेब काही बोलेनात. मीही बोलेना. बाहेर चिऊ कुरकुरली, तसा माझा कान दाराकडे गेला आणि कपाळावर आठी आली.

साहेबांनी खुर्चीत जागा बदलली. "म्हणजे… तुमचा अनुभव बघता पंचावन्न करता येईल."

सूचना बदलली की काय करायचं, तेही ठरलेलं. जुनं गिरमिटून टाकायचं नाही. त्यावर एक सरळ रेघ, शेजारी आपली छोटी सही, खाली नवीन. मी पन्नासवर रेघ मारली, सही केली, पंचावन्न लिहिलं. "पंचावन्न हजार. पाच, पाच."

आणि परत त्यांच्याकडे बघत बसले.

साहेबांनी त्या रेघेकडे असं पाहिलं की जणू ती त्यांच्याच नावावर मारली होती. ते पाणी प्यायले. "साठ. याच्यावर मात्र मला खरंच शक्य नाही हो."

पंचावन्नवरही रेघ, सही, खाली साठ. "साठ हजार. सहा, शून्य."

तेवढ्यात मोठ्या सिस्टरांना जोराचा खोकला आला. त्यांनी तोंडाला रुमाल लावला, पण रुमालाच्या वर त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत खोकला नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! हे साहेब ‘बरोबर’ म्हणायच्या ऐवजी भाव वाढवतायत!

माझे कान तापले. ‘चालेल’ अगदी ओठावर आलं. पण कागदावर पुढच्याच ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं: रात्रपाळी. बाहेर चिऊने सूर धरला होता.

"साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच नवीन वाटला, "ओपीडी संध्याकाळी बंद होते. मग रात्री मी तपासू कुणाला?"

"सगळ्यांना असते रात्रपाळी."

"वॉर्डातल्यांना असते. ही जागा ओपीडीची आहे. माझं मूल लहान आहे, रात्री मला घरी असायलाच हवं. दिवसा तुम्ही म्हणाल तितके रुग्ण मी बघेन."

साहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. "मुद्दा बरोबर आहे तिचा," सिस्टर म्हणाल्या. "बंद दाराला कुलूप असतं, साहेब. त्याला नर्स कशाला?"

"ठीक आहे," साहेब हरल्यासारखे म्हणाले. "दिवसाची ड्यूटी."

मी रात्रपाळीवर रेघ मारली, सही केली. "साठ हजार. सहा, शून्य. उमेदवारी सहा महिने. दिवसाची ड्यूटी." आणि पुन्हा थांबले. सवय, काय करणार!

"आता आणखी काय राहिलं?" साहेब जवळजवळ ओरडलेच.

सिस्टरांनी रुमाल काढला. "तुम्ही ‘बरोबर’ म्हणेपर्यंत ती उठायची नाही. मीच शिकवलंय."

"बरोबर? म्हणजे… मगाशीही ती नुसती…"

"नुसती परत म्हणून दाखवत होती."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. आता कात्री चालणार. त्यांनी हात पुढे करून माझा कागद घेतला, तिन्ही रेघा बघितल्या, आणि विचारलं, "मला हे परत पन्नास करायचं असेल तर?"

"साठवर एक सरळ रेघ," मी खरं तेच सांगितलं, "आणि शेजारी तुमची सही."

"आणि ज्या माणसाला आपणच दोनदा वाढवून दिलं, त्याचं आपणच का कमी केलं, हे खाली लिहायचं," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "कारण लिहायचा आपला नियमच आहे."

साहेबांनी पेन उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम हसायलाच लागले. मी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. पेन त्यांनी खिशात ठेवलं. "बरोबर," ते म्हणाले. "बरोबर, बरोबर, बरोबर! उठा आता. आणि ओपीडीच्या औषधवाल्याशी भाव तुम्हीच करा यापुढे."

बाहेर आले तेव्हा नवरा चिऊला खांद्यावर घेऊन खिडकीतली चिमणी दाखवत होता, आणि तिथे चिमणी नव्हतीच. माझा चेहरा बघून तो म्हणाला, "काय गं? ‘चालेल’ म्हणालीस ना?"

"नाही."

"मग काय म्हणालीस?"

"जे ते म्हणाले, तेच."

त्याला काही उमगलं नाही. सगळं सांगितल्यावर तो इतक्या मोठ्याने हसला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी ‘शांतता राखा’ म्हणालं. वन्संना फोन कर, तो म्हणत होता, पण माझं लक्ष चिऊकडे. तिला मी छातीशी घेतलं. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि हिशोब द्यावा तसं सांगायला लागल्या, "दूध मागत होती, बाटलीतलं घेतलं नाही. एकदा कपडे बदलले. डावा मोजा सापडत नाहीये. बाकी खुशाल."

"दूध नाही. कपडे एकदा. मोजा डावा," मी म्हटलं, आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

"बरोबर, डॉक्टरीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "आता घरी चला. पोर भुकेली आहे."